अब्बांची जीप आणि नवं इंजिन



अब्बांनी 1971 साली घेतलेली महिंद्रा सीजे-3बी जीप त्यांच्या पश्चात वर्षभर फणसाखाली उभी होती. धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकू. बागेतून आंब्याच्या पेट्या आणायला होईल." भाईजानचं म्हणणं, आहे तशीच दुरुस्त करायची.

मिस्त्रींना बोलावलं. या जीपचं बॉनेट इतकं उंच का, ते त्यांनी दाखवलं. आधीच्या विलीज जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व ब्लॉकमध्ये असत. 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये नेले. क्षमता तीच, 2.2 लिटर, पण ताकद 60 वरून 70 हॉर्सपॉवरच्या पुढे गेली. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. म्हणजे जास्त ताकदीची हौस एकट्या धाकट्याची नाही!

पण मिस्त्री म्हणाले, "इंजिन बसवणं हे निम्मं काम. डिझेल जड, त्यामुळे पुढचे पाटे, माउंटिंग, रेडिएटर बघावं लागतं. वेग वाढला की जुने ड्रम ब्रेक अपुरे पडतात. आधी चेसिसचा गंज, ब्रेक आणि स्टिअरिंग, इंजिन नंतर."

मग कागद. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओच्या मंजुरीशिवाय असा बदल करता येत नाही. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण इंजिनात किंवा चेसिसमध्ये मोठा फेरफार झालेला नसेल तरच. आणि अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. एक तर आठवण ठेवा, नाही तर पेट्या वाहा.

मी विचारलं, "पण गाडी कोणाची?" दोघे गप्प. जीप अजून अब्बांच्याच नावावर होती. तो त्यांचा तर्का. त्यात अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात आम्हा भावंडांचा. हिस्से होण्याआधी कुणी एकानं तिला पाना लावणं बरोबर नव्हतं.

मश्वरा झाला. बाजारभावानं किंमत ठरवून भाईजाननं आम्हा तिघांचे हिस्से रोख दिले आणि आमच्या संमतीनं गाडी आपल्या नावावर केली. धाकट्यानं त्या पैशांत भर घालून जुना पिकअप घेतला. जीपचं मूळ इंजिन रिबोअर झालं, नवे पिस्टन-रिंग पडल्या. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, म्हणून पाइपही बदलले.

तुमच्या अंगणात अशी गाडी असेल, तर बॉनेटआधी कागद उघडा आणि घरातल्या बायकांनाही विचारा.

जीप गॅरेजमधून परतली तेव्हा वळणावरूनच तिचा आवाज ऐकू आला. अम्मी सवयीनं चहा ठेवायला उठली.