विश्लेषण : मेंदूतील ‘धूर’ वेळेत का दिसत नाही?

लहान मूल जोरात रडते, अचानक त्याचा एक हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. दहा-पंधरा मिनिटांत सगळे पूर्ववत होते. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरचे विषय सोडून देतात. फार तर सीटी स्कॅन होतो आणि तो ‘नॉर्मल’ येतो. अशा काही मुलांना ‘मोयामोया’ हा दुर्मीळ आजार असतो. तो साध्या सीटीत अनेकदा सापडत नाही, हीच खरी अडचण आहे.

मोयामोया म्हणजे काय?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य कॅरोटिड धमन्या कवटीच्या आत, जिथे त्यांना फाटे फुटतात तिथे, हळूहळू अरुंद होत जातात. रक्त कमी पडू लागले की शरीर पर्यायी वाटा काढते आणि मेंदूच्या तळाशी बारीक, नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे तयार होते. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखे दिसते. म्हणून जपानी डॉक्टर सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९ मध्ये त्याला ‘मोयामोया’ म्हटले.

रडल्यावरच त्रास का होतो?

रडताना किंवा गरम जेवणावर फुंकर मारताना श्वास जलद होतो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूतील रक्तवाहिन्या आकसतात. आधीच तुटपुंजा असलेला रक्तपुरवठा आणखी कमी होतो. मुलांमध्ये अशी तात्पुरती लक्षणे किंवा पक्षाघात दिसतो. प्रौढांमध्ये मात्र नाजूक वाहिन्या फुटून मेंदूत रक्तस्रावही होतो.

कोणत्या तपासणीत काय दिसते?

एमआरआयमध्ये मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली ते कळते. त्याच यंत्रावर होणाऱ्या एमआर अँजिओग्राफीत धमनी कुठे अरुंद झाली आहे ते दिसते. तिच्या नेहमीच्या पद्धतीत क्ष-किरण नसतात आणि इंजेक्शनही लागत नाही. मात्र ती कधी कधी अडथळा आहे त्यापेक्षा मोठा दाखवते. नेमके चित्र देते ती डीएसए तपासणी. त्यासाठी मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून रंगद्रव्य सोडावे लागते. स्पेक्टसारख्या तपासणीतून मेंदूच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडते आहे ते समजते. शस्त्रक्रिया कोणाला आणि कुठे करायची, हे त्यावरून ठरवता येते.

महाराष्ट्राशी संबंध काय?

विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. या आजारातही मेंदूच्या धमन्या अरुंद होऊन मोयामोयासारखे जाळे तयार होऊ शकते. सिकलसेल ॲनिमिया असलेल्या मुलांमध्ये पक्षाघाताचा धोका आधीच ओळखण्यासाठी ट्रान्सक्रेनियल डॉपलर ही सोनोग्राफी वापरली जाते. तीत कवटीबाहेरूनच रक्ताचा वेग मोजतात. केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. त्यात रक्तचाचणीवर भर आहे आणि तो योग्यच आहे. पण आजार सापडलेल्या मुलाच्या मेंदूचे रक्षण कसे करायचे, हा पुढचा प्रश्न तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवा.

मग बदलायला काय हवे?

अरुंद झालेली धमनी औषधाने पुन्हा मोकळी होत नाही. टाळूची धमनी मेंदूच्या धमनीला जोडणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेने रक्तपुरवठा सुधारता येतो, पण मृत झालेला मेंदूचा भाग परत मिळत नाही. म्हणून निदान पक्षाघातानंतर नव्हे, आधी व्हायला हवे. त्यासाठी प्रत्येक डोकेदुखीला एमआरआय नको. पण लहान मुलाला किंवा तरुणाला क्षणिक का होईना लुळेपणा आला, तर ‘सीटी नॉर्मल’वर थांबू नये. एमआरआय होणारच असेल, तर त्याच वेळी अँजिओग्राफीही करावी. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, काही मिनिटे जास्त लागतात. ही चिठ्ठी लिहिण्याची सवय तालुक्यापर्यंत पोहोचायला हवी. पालकांनीही मूल ‘बरे झाले’ म्हणून गप्प बसू नये. शक्य असल्यास त्या क्षणाचा मोबाइलवर व्हिडीओ काढून डॉक्टरांना दाखवावा. तो निदानाला मोठी मदत करू शकतो.