वादळाचा इशारा आणि पत्र्याखालची वस्ती

१३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईवर धुळीचे वादळ आले. चारच्या पुढे दिवसाढवळ्या अंधारले, विमानतळ तासाभरासाठी बंद ठेवावा लागला. वडाळ्यात बांधकाम सुरू असलेला लोखंडी पार्किंग टॉवर कोसळला. घाटकोपर पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्गालगत छेडानगरजवळ, पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक आडवा झाला. पावसापासून आडोसा म्हणून लोक त्या पंपाच्या छताखाली थांबले होते. १७ जणांचा जीव गेला, सत्तरहून अधिक जखमी झाले. आपल्या चळवळीच्या इतिहासात ज्याचे नाव कोरले गेले आहे, ते रमाबाई आंबेडकर नगर याच महामार्गाला लागून आहे.

त्या दुपारी हवामान खात्याने मुंबई परिसरासाठी विजांसह पाऊस आणि सोसाट्याच्या वाऱ्याचा तातडीचा इशारा दिला होता. म्हणजे इशारा नव्हता असे म्हणता येत नाही. मग प्रश्न असा की, पंपावर थांबलेल्या माणसाला तो इशारा मिळाला असता, तरी त्याने काय केले असते? आडोशाला जा, एवढेच त्याला सांगितले गेले असते. आणि तो आडोशालाच उभा होता. डोक्यावरचा फलक बेकायदा आहे, हे ज्यांना माहीत असायला हवे होते त्यांनी तो उतरवला नव्हता.

महापालिकेच्या नियमानुसार फलकाची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट. पडलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता. म्हणजे १,६०० चौरस फुटांऐवजी १४,४०० चौरस फूट, बरोबर नऊपट. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. परवानगी कोणाची लागते यावर महापालिका आणि रेल्वे पोलीस यांचे एकमत नव्हते. दुर्घटनेनंतर गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, शहरभरातले फलक उतरवायला सुरुवात झाली. हे सारे आधी झाले असते तर त्या दिवशीच्या वाऱ्याने धूळ उडवली असती, काही फांद्या मोडल्या असत्या आणि तो पुढे निघून गेला असता.

इशारा कधी उपयोगी पडतो?

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली आणि मंडणगड तालुक्यांची दैना झाली. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या मुळासकट आडव्या झाल्या, गावेच्या गावे अनेक दिवस अंधारात राहिली. तरीही राज्यातील मृतांची संख्या एक आकडी राहिली. कोरोनाची टाळेबंदी असूनही किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवले होते. होड्या परत बोलावल्या होत्या, एनडीआरएफची पथके आदल्या दिवशीच पोहोचली होती.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. इशाऱ्याबरोबर जेव्हा सरकारी यंत्रणा दारात येते, गाडी येते, शाळेचे दार उघडते, तेव्हा मोठ्या वादळातही माणूस वाचतो. इशारा नुसता मोबाईलवर येतो आणि बाकी काहीच हलत नाही, तेव्हा तास-दोन तासांचे वादळही सतरा जणांना घेऊन जाते.

चक्रीवादळाची चाहूल चार-पाच दिवस आधी लागते. एप्रिल-मेमधले वळवाचे वादळ तसे नसते. तापलेल्या जमिनीवर ढग उंच वाढतो, त्यातून पावसाने गार झालेली हवा वेगाने खाली आदळते आणि जमिनीवर सर्व दिशांना पसरते. पाच-दहा मिनिटांत होत्याचे नव्हते होते. अशा वादळासाठी हवामान खाते पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा अंदाज देते. तीन तासांत वस्ती हलवता येत नाही. म्हणून वळवाच्या वादळाची तयारी इशारा आल्यानंतर नव्हे, फेब्रुवारी-मार्चमध्येच करावी लागते.

पिवळा रंग कोणासाठी पिवळा?

हवामान खात्याचे चार रंग आपण आता ओळखतो. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. पण हा रंग बहुधा संपूर्ण जिल्ह्याला दिलेला असतो. त्याच जिल्ह्यात स्लॅबच्या घरात राहणारा आहे आणि पत्र्याखाली राहणाराही आहे.

थोडे गणित मांडू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. दहा बाय पंधराची खोली घ्या, वर पत्रे. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात त्या छपरावर ढोबळमानाने सव्वादोनशे ते अडीचशे किलोंचा जोर येतो. ताशी १०० किलोमीटरला तोच जोर साडेसहाशे किलोंच्या घरात जातो. शिवाय वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो, आणि दारा-खिडकीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. पत्र्यावर ठेवलेले चार दगड आणि दोन जुने टायर त्याला पुरे पडत नाहीत. उलट पत्रा उडाला की तेच दगड घरात पडतात.

म्हणून पत्र्याच्या वस्तीने पिवळ्या इशाऱ्याला नारंगी समजावे आणि नारंगीला लाल. यात घाबरवण्यासारखे काही नाही. जिल्ह्याला दिलेला रंग आपल्या घराला लावताना घर कसले आहे तेही मोजायचे, एवढेच.

मेळावे, जयंती आणि आपली जबाबदारी

९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या पारस येथे एका मंदिराच्या आवारात वादळी पावसामुळे लोक पत्र्याच्या शेडखाली गोळा झाले. शेजारचे जुने कडुनिंबाचे झाड त्या शेडवर कोसळले. सात जण दगावले. श्रद्धा कोणतीही असो, झाड, पत्रा आणि गर्दी एकत्र आली की हेच घडते.

आपल्या समाजाला हे लागू होते, कारण आपला उत्सवाचा हंगाम आणि वळवाचा हंगाम एकच आहे. १४ एप्रिलपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत, आणि गावोगावी त्याहीपुढे, जयंतीचे कार्यक्रम चालतात. चौकाचौकांत स्वागत कमानी, दुमजली उंचीचे फ्लेक्स, मंडप, लोखंडी सांगाड्यावर टांगलेले दिवे आणि स्पीकर. घाटकोपरच्या फलकाला बेकायदा म्हणताना आपल्या चौकातला फ्लेक्स कशावर बांधला आहे, हेही पाहावे लागेल. विजेच्या खांबाला बांधलेला बॅनर फाटून तारेवर गेला, तर दोष वाऱ्यावर ढकलता येणार नाही. जयंती मंडळाने मंडपवाल्याकडून मजबुतीची लेखी हमी घ्यावी. वारा सुटला तर कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार एका ठरावीक कार्यकर्त्याला आधीच द्यावा. पाहुणे यायचे आहेत म्हणून लोकांना मंडपात बसवून ठेवू नये.

वादळानंतरचे दुसरे वादळ : पंचनामा

वस्तीचे खरे नुकसान पुष्कळदा वाऱ्यानंतर सुरू होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष पाहा. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला, पक्के असो वा कच्चे, १ लाख २० हजार रुपये. झोपडीला ८ हजार. म्हणजे तलाठ्याने कागदावर 'कच्चे घर' लिहिले की 'झोपडी', यावर पंधरापट फरक पडतो. अंशतः पडलेल्या कच्च्या घराला ४ हजार, पण नुकसान किमान १५ टक्के असले पाहिजे. त्यात आणखी एक अट आहे. घर अधिकृत बांधकाम असल्याचे प्रमाणपत्र लागते.

ही अट कोणाला आडवी येते, हे सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. तरीही आज कित्येक कुटुंबे गायरानावर राहतात आणि त्यांच्या नावावर उतारा नाही. शहरात तीच गोष्ट झोपडपट्टीची. घर वाऱ्याने पाडले, पण कागद नसल्यामुळे ते घर नव्हतेच असे ठरते. शेतीच्या नुकसानीतही मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. त्या बागेत रोजंदारी करणाऱ्या मजुराचा बुडालेला हंगाम कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आणखी एक अडचण. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, पूर आहे. अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्याचे वेगळे नाव नाही. स्थानिक आपत्ती ठरवून त्या निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग खर्च करण्याची मुभा राज्यांना आहे. म्हणून पंचनाम्यात घटनेचे वर्णन, तारीख, वेळ आणि कारण नीट लिहिले जाते की नाही, हे पाहणे गरजेचे आहे.

कायदा मात्र आपल्या बाजूने बोलतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलित कुटुंबांना मदतीत डावलल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी आलेल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६१ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असतो आणि त्यात धोक्याची ठिकाणे दाखवावी लागतात. आपली वस्ती त्या आराखड्यात आहे का, हे विचारणे हा आपला हक्क आहे.

कार्यकर्त्यांनी आता काय करावे?

पहिले, वस्तीची यादी करा. पत्र्याची घरे किती, एकटे राहणारे वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया कुठे, धोकादायक झाड, सैल वीजतार, मोठा फलक कुठे. झाडासाठी आणि फलकासाठी ग्रामपंचायतीला किंवा वॉर्ड कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उद्या काही घडले तर 'आम्हाला माहीत नव्हते' असे कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरे, इशारा पोहोचवण्याची साखळी बांधा. हवामान खात्याचे 'मौसम', विजेसाठी पुण्याच्या संस्थेने तयार केलेले 'दामिनी' आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ही अॅप्स दोन-तीन तरुणांनी वापरावीत. पण वस्तीतल्या सगळ्यांकडे स्मार्टफोन नसतो आणि दुपारी बाया-माणसे कामावर असतात. बुद्ध विहाराचा ध्वनिक्षेपक यासाठी वापरता येतो. नाका कामगार, भंगार वेचणाऱ्या स्त्रिया, शेतमजूर यांच्यापर्यंत निरोप कोण नेणार, हे नावानिशी ठरवा.

तिसरे, आडोसा ठरवा. विहार स्लॅबचे असेल तर ते वादळात उघडे राहील आणि किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना माहीत असेल, असे पाहा. विहारही पत्र्याचे असेल तर शाळा किंवा समाजमंदिरासाठी आधीच बोलून ठेवा. फलक, एकटे झाड, अर्धवट बांधकाम यांच्या खाली थांबायचे नाही, हे मुलांना शिकवा.

चौथे, कागद सांभाळा. घराचे आजचे फोटो, वीजबिल, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती यांच्या प्रती विहारात एकत्र ठेवा. पडझड झाल्यावर ढिगारा उचलण्याआधी फोटो घ्या, पंचनाम्याच्या वेळी हजर राहा, लिहिलेले वाचून मगच सही करा, प्रत मागा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि मुंबईत महापालिकेचा १९१६ हे क्रमांक दारावर लिहून ठेवा.

वारा जात पाहून वाहत नाही, असे आपण सहज म्हणतो. पण तो ज्या छपरावर आदळतो ते छप्पर पत्र्याचे का राहिले, त्याखालच्या जमिनीचा कागद का मिळाला नाही, आणि मदतीच्या यादीतून नाव का गळले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे माणसांनी घेतलेल्या निर्णयांत आहेत. ते निर्णय बदलायला लावणे हे चळवळीचे जुनेच काम आहे. पुढचा वळीव येण्याआधी त्यातला पहिला अर्ज या महिन्यात लिहिता येईल.