धागा : बारामती-इंदापूरचा वारसा, मोबाइलचा कॅमेरा आणि पुराव्याचा प्रश्न

१/ तालुक्यातला एखादा वाडा ढासळू लागला, एखादे जुने मंदिर गवतात बुडाले, की अलीकडे एक उपाय हमखास सुचवला जातो : 'एआर खेळ काढा, तरुण आपोआप येतील.' एआर म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी. मोबाइलचा कॅमेरा समोरच्या दृश्यावर रोखायचा आणि त्या दृश्यात प्रत्यक्ष नसलेली वस्तू पडद्यावर पाहायची. उपाय वाईट नाही. 'तरुण येतील' एवढ्यावरच विचार थांबतो, हे वाईट. आलेल्यांना काय दिसणार आणि ते कशाच्या आधारे दाखवले जाणार, हा प्रश्न बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरता तरी विचारला पाहिजे.

२/ या उत्साहाचे मूळ जुलै २०१६ मधले. 'पोकेमॉन गो' आला आणि जगभरची मुले मोबाइल हातात धरून पुतळे, चौक, जुन्या इमारती शोधत हिंडू लागली. त्याच महिन्यात पोलंडमधील ऑशविट्झच्या छळछावणीच्या स्मारकाला आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला, इथे हा खेळ खेळू नका, अशी विनंती करावी लागली. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरमध्ये आला. त्याआधीच गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. तक्रार ही, की खेळातली अंडी देवळांत दिसतात.

३/ ऑशविट्झ आणि गुजरातमधले देऊळ यांत साम्य काहीच नाही. तक्रारीचे मूळ मात्र एकच होते. खेळाच्या लेखी ती जागा म्हणजे केवळ अक्षांश-रेखांश. तिथे माणसे मारली गेली की पूजा होते, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. मुले घराबाहेर पडली, चालली, हे खरे आणि चांगलेच. पण पुतळ्यापाशी पोहोचलेल्या मुलाला पुतळा कोणाचा, हे जाणून घेण्याची गरज पडली नाही.

४/ 'गर्दी वाढेल' हा युक्तिवाद तर जिथे गर्दी आधीच मावत नाही तिथेच सर्वाधिक ऐकू येतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, राजगड आणि लोहगड आहेत. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर जे उभे राहिले आहेत, त्यांना तिथे आणखी माणसे आणण्याचे साधन नको, हे सांगावे लागणार नाही. बारामती-इंदापूरचे नाव त्या यादीत नाही. इथे प्रश्न गर्दीचा नाही. इथला इतिहास डोळ्यांना सहज दिसत नाही, हा प्रश्न आहे.

५/ उदाहरणार्थ सुपे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून ते ताब्यात घेतले. सभासदाची बखर सांगते, की सणाचे पोस्त मागायला म्हणून महाराज गेले आणि मामांना कैद केले. प्रसंग नाट्यमय आहे. खेळ तयार करणाऱ्याला आणखी काय हवे?

६/ पण सभासदाने बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेने, १६९० च्या दशकात. म्हणजे घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. सुपे ताब्यात आले हे एक विधान. ते असे, या शब्दांत, या निमित्ताने आले हे दुसरे. दोघांचे वजन सारखे नाही. पुस्तकात हा फरक तळटीपेत सांगता येतो. पडद्यावर मामा हात जोडून उभे दिसले, की तळटीप संपली. ज्याने ते पाहिले त्याच्यासाठी ते घडलेच.

७/ इंदापूरची गोष्ट याहून अवघड. गावात मालोजीराजे भोसले यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी आहे. शिवाजी महाराजांचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले, असे सांगितले जाते. त्यांच्या मृत्यूच्या सालाबद्दल मात्र इतिहासकारांत एकमत नाही. कोणी १६०६ देतात, कोणी बरेच पुढचे साल. आता खेळात कोणते साल छापायचे? गढीचे बुरूज किती उंच दाखवायचे? दरवाजा कोणत्या दिशेला? ज्याला उत्तर ठाऊक नाही तो चित्रकार बहुधा दुसऱ्या एखाद्या किल्ल्याचा बुरूज उचलून इथे बसवील, आणि दहा वर्षांनी तोच बुरूज 'मूळ गढी' म्हणून समाजमाध्यमांवर फिरेल. इतिहासाची अशी हानी कोणत्याही अडाणी दुर्लक्षापेक्षा मोठी, कारण पडलेली भिंत निदान खोटे बोलत नाही.

८/ ही भीती नवी नाही. संगणकाने वारशाची दृश्ये उभारणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये 'लंडन चार्टर' तयार केला आणि २००९ मध्ये तो सुधारला. त्याचा गाभा सोपा आहे : पाहणाऱ्याला कळले पाहिजे, की समोरच्या दृश्यातले काय पुराव्यावर उभे आहे, काय तर्काने भरले आहे. खेळात हे करणे अवघडही नाही. उरलेली भिंत ठसठशीत, तर्काने उभारलेली फिकट, आणि जिथे काहीच ठाऊक नाही तिथे मोकळी जागा. ती मोकळी जागाच खेळाडूला प्रश्न विचारायला लावील. आपल्याकडे मात्र मोकळी जागा दिसली, की तिथे तुतारी आणि भगवा झेंडा बसवण्याची घाई होते.

९/ दुसऱ्या बाजूने एक जुना आक्षेप येतो : खेळ कशाला, पुस्तके वाचा. हा आक्षेप बारामतीत तरी कोणी घेऊ नये. या गावात मोरोपंत (१७२९-१७९४) राहिले, आणि अक्षरांशी त्यांच्याइतका खेळ मराठीत क्वचितच कोणी केला असेल. त्यांनी शंभरावर रामायणे रचली, ती बहुधा स्वतःवर एकेक नियम घालून घेत. निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायचे वर्ण वर्ज्य; म्हणजे 'म' नाही, म्हणजे ज्याची कथा सांगायची त्या रामाचे नावच नाही! मंत्ररामायणात 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरांची गुंफण.

१०/ पंतांच्या आर्या शाळेत कंटाळवाण्या वाटतात, कारण तो खेळ आहे हे कोणी सांगत नाही. कऱ्हेकाठी उभ्या असलेल्या मुलाला मोबाइलने एवढेच म्हणावे : ओठाला ओठ न लावता रामकथेतले एक वाक्य बोलून दाखव. पुढचे काम पंत करतील. त्यासाठी तलवारी नकोत, राक्षसही नकोत.

११/ पंतांचे आश्रयदाते बाबूजी नाईक यांचा वाडाही असाच. या सावकार घराण्याचे पेशव्यांशी देण्याघेण्याचे आणि सोयरिकीचेही नाते होते. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजी नाईकांना दिलेली. १७४० मध्ये बाजीराव वारले, तेव्हा नानासाहेबांऐवजी बाबूजींनाच पेशवेपद मिळावे म्हणून रघूजी भोसल्यांनी जोर लावला. तो साधला नाही. या वाड्यावर घोडेस्वार नाचवणे म्हणजे वाड्याचा अपमान. इथला खरा ऐवज कर्जाची वही : मोहिमेला पैसा कोण देतो, व्याज किती, आणि धनको राजकारणात उतरला की काय होते. सोळा वर्षांच्या मुलाला हे कळत नाही, असे समजणाऱ्यांनी हल्लीची सोळा वर्षांची मुले पाहिलेली नाहीत.

१२/ खेळ कोणाच्या मालकीचा, हेही पाहावे लागेल. पोकेमॉन गो काढणाऱ्या नायँटिक कंपनीचाच हॅरी पॉटरवरचा खेळ जून २०१९ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये बंद पडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने सांगितले, की खेळाडूंनी पाठवलेल्या जागांच्या चित्रणाचा उपयोग ती अवकाशाची जाण असणारे संगणकीय प्रारूप घडवण्यासाठी करते आहे. मार्च २०२५ मध्ये तिने आपले खेळ साडेतीन अब्ज डॉलरला विकण्याचा करार केला. नकाशाचे तंत्र मात्र स्वतःकडे ठेवले. लोणी भापकरची पुष्करणी आणि तिथला यज्ञवराह गावच्या पोरांनी चारी बाजूंनी चित्रित करावा आणि ते चित्रण परदेशी कंपनीच्या भांडारात जाऊन पडावे, याला वारसा-जतन म्हणता येत नाही. ते चित्रण आधी ग्रामपंचायतीकडे आणि पुरातत्त्व विभागाकडे असले पाहिजे. खेळ बंद पडला तरी ते उरेल.

१३/ एआर जिथे खरोखर हवे अशी जागा या दोन तालुक्यांत आहे, आणि ती पाण्याखाली आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या गावांवर पसरला. जुने पळसदेव त्यांपैकी एक. गाव उठून पुणे-सोलापूर महामार्गालगत आले; पळसनाथाचे दगडी मंदिर मागे राहिले. उजनीचा साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. दुष्काळी उन्हाळ्यात धरण 'मायनसमध्ये' खूप खाली गेले, की आधी शिखर आणि मग बाकीचे मंदिर वर येते. मग बातम्या येतात, होड्या निघतात, छायाचित्रे निघतात. पाऊस पडला की सगळे पुन्हा पाण्यात.

१४/ इथे 'तरुणांना जागेवर आणा' ही घोषणा नुसती पोकळ नाही, घातक आहे. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती सहल नव्हती, रोजची ये-जा होती. ज्या पाण्यावर रोजच्या प्रवाशांचाही जीव जातो, तिथे गुण मिळवण्यासाठी मुलांना मंदिराच्या पायरीपर्यंत बोलावणारा खेळ कोणी काढू नये. पळसदेवचा खेळ काठावरूनच खेळता आला पाहिजे. मोबाइल पाण्याकडे धरावा, आणि पाण्याच्या जागी गाव दिसावे.

१५/ कोणते गाव, हाच खरा प्रश्न. मंदिराचे मोजमाप पुढच्या दुष्काळात घेता येईल. गावाचे तसे नाही. गल्ल्या, पार, घाट, बाजाराची जागा, कोणत्या आळीत कोणाची घरे, वेशीबाहेर कोणाला राहावे लागे : यातले काही जुन्या गावनकाशांत आणि भूसंपादनाच्या कागदांत सापडेल. उरलेले फक्त माणसांच्या आठवणीत आहे. पाणी आले तेव्हा जो पंधरा वर्षांचा होता, तो आज साठीच्या पुढे आहे. जे तेव्हा घरकर्ते होते, त्यांच्यातले फार थोडे उरले आहेत.

१६/ म्हणून कामाचा क्रम उलटा हवा. आधी खेळ आणि मग जमले तर माहिती, असे नव्हे. इंदापूर आणि बारामतीच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या मुलांनी आधी नव्या पळसदेवात जावे, गावनकाशा म्हाताऱ्यांपुढे पसरावा आणि प्रत्येक घरावर बोट ठेवून विचारावे. दोन आजोबांनी एकाच घराबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही नोंदवाव्यात, पडद्यावरही दोन्ही दाखवाव्यात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुलेही विहीर कुठे, दरवाजा कुठे, यावरून वर्षानुवर्षे भांडत आली आहेत; ही नोंद त्याच भांडणाची पुढची पायरी. ॲप तयार करणारे नंतर केव्हाही मिळतील. नकाशावर बोट ठेवणारी माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.