हाजींची चप्पल

आमच्या बोईसरात कुणी हजला निघालं की दावतींची रांग लागते. दुआ पाठ होतात, बॅगा भरतात. पायांकडे मात्र कुणी बघत नाही. निघायच्या आदल्या दिवशी स्टेशनजवळून कोरी चप्पल येते.

माझ्या मामूंनी असंच केलं. त्यांना शुगर. पट्ट्याने फोड आला, पण तो त्यांना दुखलाच नाही. शुगरने पायाची जाणीव कमी होते, तेच तर घातक. मोजा उतरवल्यासारखं रोज रात्री तळवे बघायला हवेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जखम भरायला चार महिने गेले.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांचे सोललेले तळवे आपण पाहिले. मुंबईकरांनी चपला वाटल्या, चांगलंच केलं. पण पायाची काळजी शेवटच्या दिवशी घेऊन कशी चालेल?

सफा-मरवाच्या सात फेऱ्याच जवळपास तीन किलोमीटर होतात. तेव्हा चप्पल दीड महिना आधी घ्या, तीही संध्याकाळी, पाय फुगलेले असताना. इहराममध्ये पुरुषांना बूट-मोजे चालत नाहीत. बायकांना ती अट नाही, तरी आमच्या खाला-फुफू सपाता घालूनच निघतात! तरबियती कॅम्पात यावर अर्धा तास द्यायला काय हरकत आहे?

यंदा खाला जाणार आहेत. फजरनंतर मोजे-बूट घालून नवापूरच्या रस्त्याला लागतात. गल्लीतली पोरं हसतात. हसू देत.