हाकेला ओ देणारे मूल आणि शाळेतील श्रवणचाचणी

धाड व परिसरातील खेड्यांत चिकित्सा करताना, पावसाळा सरत आला की कान वाहणारी मुले घेऊन माता-पिता आमच्याकडे येऊ लागतात. 'याला ऐकू कसे येते?' असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "ऐकतो की! हाक मारली की येतो." या उत्तरावर आपण वैद्यही पुष्कळदा समाधान मानतो. येथेच चूक होते.

हाक मोठ्याने मारली जाते. तीस-पस्तीस डेसिबलची श्रवणन्यूनता असलेले मूल तिला ओ देते; मात्र शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याला अर्धे शब्द सुटतात. श्रुतलेखनात 'सात'च्या जागी 'हात' उमटतो आणि प्रगतिपुस्तकावर 'लक्ष देत नाही' असा शेरा पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबल वा त्याहून अधिक न्यूनता असेल तरच ती व्यक्ती श्रवणदोषाच्या व्याख्येत बसते. पस्तीस डेसिबलवाले मूल कोणत्याच यादीत येत नाही. त्याचा दोष बहुधा मध्यकर्णातील स्राव, साचलेला कर्णमल किंवा फाटलेला पडदा एवढाच, म्हणजे वेळीच कळला तर पुष्कळ अंशी दूर होण्याजोगा असतो. जुनाट बाधिर्य असाध्य, असे आपल्या ग्रंथकारांनी सांगून ठेवले आहे. त्यातील 'जुनाट' या शब्दाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

हा दोष शोधण्यास ध्वनिरोधक खोली व महागडा ऑडिओमीटर लागतो, अशी समजूत होती. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठात डे वेट स्वानपुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या अँड्रॉइड फोनवर चालणारी 'हिअरस्क्रीन' ही चाचणी सिद्ध केली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेडफोन लावलेल्या मुलाला १०००, २००० व ४००० हर्ट्झचे मंद स्वर ऐकवायचे आणि स्वर ऐकू आला की त्याने हात वर करायचा. फोन खोलीतील गोंगाटही मोजतो व तो मर्यादेबाहेर गेल्यास तसे दाखवितो. थोड्या प्रशिक्षणाने आशाताई किंवा शिक्षकही ही चाचणी घेऊ शकतात.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. फोन तोच असला तरी हेडफोन त्या फोनशी जोडून प्रमाणित केलेला हवा. बाजारातील कोणताही इअरफोन लावून फुकटच्या ॲपवर घेतलेली चाचणी म्हणजे काटा न तपासलेल्या तराजूवर औषध तोलणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणलेले अंक ओळखण्याचे ॲपही स्वतःच्या श्रवणाची पारख करण्यापुरते उपयुक्त आहे. शाळेतील चाचणीची जागा ते घेऊ शकत नाही.

हे काम कोणी करावे? आमच्या मते ते आपलेच आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून ज्याचा आरंभ झाला, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात आणि महाराष्ट्रात त्यांत आयुर्वेद पदवीधरांचा भरणा मोठा आहे. पथकाने शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा जावे, अशी योजना आहे. श्रवणदोष व मध्यकर्णशोथ हे दोन्ही तपासावयाच्या व्याधींत समाविष्ट आहेत. मात्र वजन, उंची, दात, डोळे, रक्ताल्पता हे सारे पाहून होईपर्यंत कानाच्या वाट्याला 'ऐकू येते का?' एवढा प्रश्नच उरतो. त्याला मुले होकारार्थी मान हलवितात. तेव्हा प्रत्येक पथकाला एक प्रमाणित संच मिळावा, ही मागणी आपल्या संघटनेने लावून धरली पाहिजे.

तथापि केवळ यंत्र मिळाल्याने काम पुरे होत नाही. अलास्कातील बेरिंग सामुद्रधुनीलगतच्या पंधरा वस्त्यांत शाळकरी मुलांची फोनवर श्रवणचाचणी घेऊन पुढे काय होते, याचा अभ्यास झाला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे पालकांना नेहमीप्रमाणे केवळ 'दवाखान्यात दाखवा' असे कळविले गेले, तेथे नऊ महिन्यांत सुमारे ३२ टक्के मुलेच पुढील तपासणीपर्यंत पोहोचली. जेथे शाळेतूनच दूरवैद्यक पद्धतीने तज्ज्ञांशी जोडून दिले, तेथे हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे बर्फ नाही. पण सोंगणीच्या दिवसांत मजुरी बुडवून बुलढाण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला मूल नेणे पालकांना किती अवघड जाते, हे आम्ही रोज पाहतो. २०१९ पासून चालू असलेली ई-संजीवनी यासाठी वापरता येईल. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी पुष्कळ ठिकाणी आपलेच पदवीधर आहेत.

एका चाचणीत अनुत्तीर्ण झाले म्हणून मुलाला बहिरे ठरवू नये, हेही पालकांना सांगावे. सर्दीनंतर मध्यकर्णात साचलेला स्राव बहुधा तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. त्याच दिवशी पुन्हा एकदा व पुढे काही आठवड्यांनी चाचणी घ्यावी. मधल्या काळात मुलाला पहिल्या बाकावर बसवावे. याला काहीच खर्च नाही.

आता थोडे आपल्याच घराविषयी. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आणि कर्णस्रावात प्रमार्जन, धूपन यांना स्थान दिले. असे असूनही, कर्णपटल न पाहता वाहत्या कानात कोमट तेल घालणारे आपल्यात आजही आहेत. पडद्याला छिद्र असताना कर्णपूरण केले तर रोग आत ढकलला जातो. आम्हीही आरंभीच्या वर्षांत ऑटोस्कोप हाती न घेता तेल दिले आहे. ते आठवले की संकोच वाटतो.

येत्या जूनमध्ये धाड परिसरातील एका शाळेपासून आरंभ करावा, असे आमच्या मनात आहे. त्यासाठी शाळेकडून रस्त्यापासून दूरची एक खोली हवी व पंखा बंद ठेवण्याची परवानगी हवी. शिवाय रोज सकाळी दोन तास हवेत, तेही मधल्या सुटीच्या आधीचे. कारण एकदा खिचडीच्या ताटांचा खणखणाट सुरू झाला की फोन चाचणी थांबवितो.