निदानाचे अंतर

केसाइतक्या बारीक वाहिन्यांतून किंवा इवल्याशा कुप्यांतून काही मायक्रोलिटर द्रव खेळवून त्याची तपासणी करण्याच्या शास्त्राला सूक्ष्मप्रवाहिकी म्हणतात, आणि या शास्त्राच्या आधाराने तयार झालेल्या सुवाह्य निदान-उपकरणांवर दोन आक्षेप पुन्हा पुन्हा घेतले जातात.

पहिला आक्षेप अमेरिकेतील थेरानोस कंपनीच्या पतनाकडे बोट दाखवतो. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर शेकडो तपासण्या होतील, असा दावा करणाऱ्या या कंपनीच्या संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल 2022 मध्ये अकरा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. म्हणून थेंबावरचे निदानच मुळात भ्रामक, असे अनुमान काढले जाते. हे अनुमान टिकत नाही. बोट टोचून घेतलेल्या रक्तात ऊतींतील द्रव मिसळतो, काही रक्तपेशी फुटून पोटॅशियमचे प्रमाण खोटे वाढते आणि एकच थेंब अनेक तपासण्यांत वाटला, की विरळ रेणू शोधण्याइतका नमुना कोणाच्याच वाट्याला उरत नाही. या मर्यादा त्या दाव्याला बाधक आहेत, शास्त्राला नव्हेत. प्रश्न एकच असेल आणि शोधायचा रेणू पटींनी वाढवता येत असेल, तर लहान आकारमान उलट बळ ठरते. जनुकाचा तुकडा दर फेरीला दुप्पट करणाऱ्या पीसीआर पद्धतीत द्रव आळीपाळीने तापवावा आणि निववावा लागतो, आणि द्रव जितका थोडा तितके हे काम लवकर उरकते.

गोव्याच्या मोलबायो डायग्नोस्टिक्सचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे उपकरण याच तत्त्वावर चिपवर क्षयरोगाचे जंतू शोधते; जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याच्या वापराची शिफारस केली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मोठ्या प्रयोगशाळेइतकी अचूकता नसलेले साधन खेड्यात देणे म्हणजे गरिबांना दुय्यम दर्जाची सेवा देणे. पण तुलना कशाशी करायची, हे आक्षेपक सांगत नाहीत. दुर्गम भागात आजवर मुख्य आधार सूक्ष्मदर्शकाचा होता, आणि त्याखाली जंतू दिसायला थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात. अधिक संवेदनक्षम अशा जंतुसंवर्धनाला अनेक आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात मजुरीसाठी स्थलांतर केलेला रुग्ण अहवालासाठी परत येईलच असे नाही. ज्या अहवालाच्या आधारे औषधाची पहिली मात्रा दिली गेली नाही, त्याची अचूकता रुग्णाच्या काही उपयोगाची नाही. म्हणून चाचणीचे मोल नमुना घेतल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या काळासह मोजले पाहिजे.

अर्थात ट्रूनॅट हे कोणीही कुठेही चालवावे असे साधन नव्हे. थुंकीतून जनुकीय द्रव्य वेगळे काढायला स्वतंत्र यंत्र लागते, पिपेट नेमका वापरणारा तंत्रज्ञ लागतो, आणि चिप एकदाच वापरता येत असल्याने पुरवठा थांबला की यंत्रही थांबते. हा दोष उपकरणाचा कमी आणि खरेदीपुरता विचार करणाऱ्या नियोजनाचा अधिक आहे. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी असे यंत्र घेताना चिपांचा वर्षभराचा पुरवठा, दुरुस्तीची मुदत आणि तंत्रज्ञाचे पद यांची तरतूद खरेदीच्या आदेशातच करावी.