भिंत पोरांच्याच हाती द्या

आमच्या भागातल्या उद्यानात महापालिकेने स्केटिंगसाठी काँक्रीटचे उतार बांधले. सहा महिन्यांत तिथल्या भिंती नावांनी, बदामांनी आणि शिव्यांनी भरून गेल्या. दोनदा रंग मारला, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग एके सकाळी दोन धर्मांच्या घोषणा एकमेकींवर काट मारून लिहिलेल्या दिसल्या. रहिवाशांच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, “ही त्या मोहल्ल्यातलीच पोरं.” लिहिताना कुणालाही कुणी पाहिले नव्हते. कॅमेरे बसवा आणि संध्याकाळी सातला कुलूप लावा, अशी मागणी झाली. शाळा, क्लास किंवा गॅरेजमधले काम आटोपून येणारी मुले सातनंतरच खेळायला येतात, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

भिंतीवरची खरडपट्टी किरकोळ गोष्ट आहे, असे मी म्हणणार नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गल्लीत उभ्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीची पत्रके अडकवली होती. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी पत्रक रस्त्यावर टाकले. भिंत खरडलेली असताना ६९ टक्के लोकांनी. घाण घाणीला बोलावते. पण त्यावर कुलूप हाच इलाज आहे का?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने १९८४ साली दुसरी वाट धरली. महापौर विल्सन गूड यांनी भिंती खरडण्याविरुद्ध मोहीम उघडली आणि त्यात जेन गोल्डन या चित्रकर्तीला घेतले. भिंती खरडणाऱ्या मुलांनाच तिने भित्तिचित्रांच्या कामाला लावले. पुढे १९९६ मध्ये त्यातूनच शहराचा भित्तिचित्र कार्यक्रम उभा राहिला. त्यातून आजवर चार हजारांहून अधिक चित्रे झाली.

यामागचे कारण साधे आहे. रिकामी भिंत कुणाचीच नसते, म्हणून तिच्यावर आपले नाव लिहावेसे वाटते. तीच भिंत आपल्या मित्राने, चुलतभावाने चार रविवार उन्हात उभे राहून रंगवली असेल, तर तिच्यावर खरडणे म्हणजे त्याचा अपमान ठरतो. म्हणूनच ठेकेदाराकडून ‘स्वच्छ शहर, सुंदर शहर’ रंगवून घेतले की त्यावर पानाच्या पिचकाऱ्या पडतात. चित्र सुंदर असून भागत नाही, ते आपले वाटावे लागते.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतील. चाके फिरतात त्या उतारांवर गुळगुळीत रंग नको. चाक घसरून मुले पडतील. रंगकाम बाहेरच्या आणि बाजूच्या भिंतींवरच हवे. चित्रावर पारदर्शक संरक्षक थर दिला तर खरडलेले पुसता येते. तरीही कुणी खरडले तर दोन दिवसांत दुरुस्ती हवी. त्यासाठी रंग आणि माणूस यांची तरतूद आधीच करावी. शिवाय एक भिंत मोकळी सोडावी. लंडनच्या साऊथबँकवरील क्वीन एलिझाबेथ हॉलखालच्या जागेत १९७०च्या दशकापासून स्केटिंग चालते, आणि तिथल्या भिंतींवर मुले उघडपणे रंगवतात. ती जागा हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मुलांनी लढा दिला आणि २०१४ मध्ये ती राखली. जागा आपली वाटली की पोरे अशी राखण करतात.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. “चित्रं काढणं आपल्यात बसत नाही,” असे म्हणून काही वडीलधारे बाजूला होतील. ज्यांना सजीवांची चित्रे नकोत, त्यांच्यासाठी अक्षरे आहेत, भूमितीच्या नक्षी आहेत. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या मुलांना एकदा दाखवा. ट्युनिशियातल्या गाबेस शहरात २०१२ साली एल सीड या कलाकाराने थेट मशिदीच्या मिनारावर अक्षरे रंगवली, तीही इमामांच्या संमतीने. माणसांना वेगवेगळ्या जमातींत घडवले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असे सांगणारी कुरआनातली आयत त्याने निवडली होती. आमच्या त्या भिंतीवर उर्दू आणि देवनागरी अक्षरे शेजारी शेजारी आली, तर घोषणांना याहून चांगले उत्तर कोणते?

वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. द्वेषाने खरडलेली भिंतही वाटेतलीच वस्तू आहे. “आमची पोरं नव्हती” एवढे सांगून घरी बसलो, तर आळ तसाच राहील आणि कुलूपही लागेल.

म्हणून पुढच्या बैठकीला आपण निवेदनासोबत मुलांनाही नेऊ या, आणि मुलींनाही, कारण त्यांना त्या उतारांवर अजून जागाच मिळालेली नाही. आराखडा दोन्ही वस्त्यांतल्या मुलांनी मिळून काढावा. पालिकेकडे आपले मागणे तीनच गोष्टींचे असावे: भिंतींची लेखी परवानगी, रंगाचा खर्च आणि रात्री नऊपर्यंत उघडे फाटक.